घाई कुणाची, नफा कुणाचा?

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं कोणतंही गाव घ्या. पाऊस तोच, बाजार तोच, खरिपात बहुतेकांच्या रानात सोयाबीन. तरीही दिवाळी झाल्यावर एका घरात चार पैसे शिल्लक राहतात आणि शेजारच्या घरात खतवाल्याची उधारीसुद्धा फिटत नाही. हा फरक कशाने पडतो? याची दोन उत्तरं आपल्याकडे सर्रास दिली जातात. एक सगळा भार शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकतं, दुसरं सरकारच्या. दोन्ही उत्तरं अर्धी आहेत, आणि अर्ध्या उत्तरांची किंमत शेतकरी मोजतो, म्हणून ती एकदा समोरासमोर बसवायला हवीत.

खालच्या संवादातले मामा आठ एकरांचे कोरडवाहू शेतकरी आहेत. भाची कृषी पदवीधर असून एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब सांभाळते. दोघंही कल्पित आहेत. त्यांनी मांडलेला एकरी हिशेब समजुतीसाठी धरलेला आहे. ज्याने त्याने तो आपल्या आकड्यांनी करून पाहावा.

भाची : मामा, बांधाला बांध लागलेली दोन रानं धरा. दोन्हींत सोयाबीन. एकाला एकरी आठ क्विंटल उतारा आला, दुसऱ्याला पाच. नांगरट, पाळी, बियाणं, खत, दोन फवारण्या, खुरपणी, काढणी, मळणी, सगळं धरून एकरी खर्च बावीस हजार. भाव बेचाळीसशे. आठवाल्याच्या हातात साडेअकरा हजारांच्या वर राहिले. पाचवाल्याला खिशातून हजार रुपये घालावे लागले. उताऱ्यात फरक तीन क्विंटलचा; पण एकजण कमावतो आणि दुसरा बुडतो.

मामा : यात नवीन काय सांगितलंस? ज्याला जास्त पिकलं त्याला जास्त मिळालं.

भाची : एवढंच नाही. नांगरटीला ट्रॅक्टरवाला उतारा बघून पैसे घेत नाही. पेरणी, फवारणी, काढणी यांचा खर्च पाच क्विंटलला होतो तेवढाच जवळपास आठ क्विंटललाही होतो. पहिले सव्वापाच क्विंटल खर्च फेडण्यात जातात. त्यापुढचा प्रत्येक क्विंटल घरचा. म्हणून नफा सगळा शेवटच्या दोन-तीन क्विंटलांत असतो, आणि तेवढे क्विंटल मिळवणं हे कामाच्या रीतीवर असतं. सोयाबीनचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागत नाही, घरचं चालतं. फक्त त्याचं टरफल नाजूक, म्हणून बियाण्यासाठी मळणी करताना यंत्राचे फेरे मिनिटाला साडेतीनशे-चारशेच्या आत ठेवायचे, पोत्यांची उंच थप्पी लावायची नाही, आणि पेरणीआधी ओल्या बारदान्यावर शंभर दाणे ठेवून सत्तर तरी उगवतात का ते बघायचं. रुंद वरंबा-सरीवर पेरलं तर बी कमी लागतं, झडीत पाणी निघून जातं आणि उघडिपीत ओल टिकते. यातल्या कशालाही मोठं भांडवल लागत नाही.

मामा : आता माझं ऐक. 2023चा ऑगस्ट आठव. 1901 पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. फुलं लागायच्या, शेंगा धरायच्या दिवसांत पावसाने पाठ फिरवली. माझ्या रानात शंभर दाण्यांची चाचणी झाली होती, वरंबा-सरीही होती. पण खालच्या अंगाला विहीर असलेल्याने तुषार संच लावून एक पाणी दिलं आणि त्याचे शेवटचे तीन क्विंटल वाचले. माझे गेले. तुझी रीत कुठे कमी पडली, सांग बरं.

भाची : रीत कमी नाही पडली. पाणी कमी पडलं.

मामा : मग माझं म्हणणं तेच आहे. पाणी, जमीन, भाव आणि घरात येणारा पगार या चार गोष्टींवर नफा ठरतो. बाकी सगळं त्यानंतरचं. तुम्ही शिकलेली मंडळी नफ्यातल्या शेतकऱ्याची मुलाखत घेता, तो सांगतो की मी वेळेवर पेरलं, वेळेवर फवारलं. तो वेळेवर का पेरू शकला, हे कुणी विचारत नाही. त्याचा ट्रॅक्टर दारात उभा असतो. वाफसा आला की तो पेरतो. मी भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट बघतो. मालक आधी स्वतःचं पेरतो, मग भावकीचं, मग रोख देणाऱ्याचं, मग माझं. तोवर वाफसा उडून गेलेला असतो.

भाची : आणि उशिराच्या भीतीने कधी कधी उलटंही होतं ना? पुरेसा पाऊस व्हायच्या आधीच पेरणी होते. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं.

मामा : सांगतं. पण ट्रॅक्टर आज मिळाला आणि पुन्हा आठ दिवस मिळणार नसेल, तर माणूस मिलिमीटर मोजत बसत नाही. पेरून टाकतो. मग पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणी येते. लोक म्हणतात, शेतकऱ्याला धीर नाही. गरजवंताला अक्कल नसते, ही म्हण अशाच वेळी आमच्या तोंडावर मारतात.

भाची : ती म्हण मला पटत नाही. गरजवंताला अक्कल असते. ती वापरायची मुभा नसते.

मामा : आता कुठे तू माझ्या बांधावर आलीस.

भाची : आले, पण थांबणार नाही. कारण मुभा थोडी थोडी मिळवता येते, आणि तिची सुरुवात वहीतून होते. तुमच्या आठ एकरांत पाच एकर खालचं काळं रान आणि तीन एकर माळ. दोन्हीकडे सोयाबीन. तुम्ही सांगता, यंदा सरासरी साडेसहा क्विंटल पडलं. आपण आधीचाच खर्च आणि भाव धरू. एकरी पाच हजार तीनशे उरले, आठ एकरांचे बेचाळीस हजार चारशे. ठीकठाक वाटतं. आता रानं वेगळी करा. खालच्या रानात आठ क्विंटल, माळावर चार. खालच्या पाच एकरांनी अठ्ठावन्न हजार दिले. माळाच्या तीन एकरांनी त्यातले पंधरा हजार सहाशे खाल्ले. सरासरीने ही गोष्ट झाकली होती. माळ नुसता पडीक ठेवला असता, तरी हातात जास्त राहिले असते.

मामा : थांब. त्या बावीस हजारांत तू तुझ्या मामीची आणि माझी मजुरी धरलीस ना?

भाची : धरली. एकरी चार हजार. घरच्या माणसाचं काम फुकट धरणं मला मान्य नाही.

मामा : मलाही नाही. पण माळ पडीक ठेवला, तर ती चार हजारांची मजुरी मला कोण देणार? तेवढ्या दिवसांसाठी मला दुसरीकडे कुणी कामाला बोलावणार आहे? मजुरी वजा केली तर माळावरचा तोटा एकरी बाराशेवर येतो.

भाची : तुमचा मुद्दा खरा आहे. घरच्या मजुरीची किंमत ती मजुरी दुसरीकडे कुठे लागू शकते, यावर ठरते. म्हणून पडीक ठेवा असं मी म्हणणार नाही. पण बाराशे रुपये रोख घालून वर दोघांनी राबायचं, हा व्यवहारही बरा नाही. माळावर तूर घ्या, थोडी ज्वारी घ्या. तुरीचं मूळ खोल जातं, पावसाच्या खंडात ती सोयाबीनपेक्षा जास्त तग धरते. ज्वारीचा कडबा झाला तर एखादी म्हैस वाढवता येईल. शिवाय सोयाबीनचा पैसा ऑक्टोबरात, तुरीचा डिसेंबर-जानेवारीत, आणि दुधाचा दर दहा दिवसांनी. पैसा वेगवेगळ्या तारखांना आला, की एका तारखेला सगळं विकून टाकायची वेळ येत नाही.

मामा : हे मात्र बरं बोललीस. आमच्याकडे सगळी देणी एकाच दारातून आत येतात. दिवाळी, रब्बीची पेरणी, पोरांच्या फिया, खतवाल्याची बाकी, सोसायटीचं व्याज. बनीम मोडून रास झाली, की त्याच आठवड्यात माल बाजारात. आणि तुम्ही म्हणता की गावात सगळ्यांना भाव एकच. भाव एक कधी असतो? माझा माल खळ्यावरून थेट निघतो, त्यात ओल सोळा-सतरा टक्के. खरेदीचा निकष बारा टक्क्यांचा. व्यापारी ओलीचे पैसे कापतो, वर कडता धरतो. आडत्याकडून जूनमध्ये उचल घेतलेली असते, म्हणून माल त्याच्याच दारी न्यावा लागतो. तो सांगेल तो भाव. माझ्या शेजाऱ्याने तोच माल पंधरा दिवस वाळवून, चाळून, तीन आडत्यांना दाखवून विकला. पट्टीवर दोनशे-तीनशेचा फरक तिथेच पडला. दोघांची जमीन सारखी, उतारा सारखा. फरक एवढाच की त्याला घाई नव्हती.

भाची : पंधरा दिवस वाळवणं तुम्हालाही जमलं असतं.

मामा : पंधरा दिवस घर कशावर चालवू? तूच मला मागे राष्ट्रीय पाहणीचा आकडा दाखवला होतास.

भाची : हो, 2018-19ची पाहणी. देशातल्या शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न 10,218 रुपये. त्यात पिकांचे 3,798, जनावरांचे 1,582 आणि मजुरी-पगाराचे 4,063. शेतकरी म्हणवणाऱ्या घरातही पिकापेक्षा मजुरी-पगार जास्त.

मामा : मग गावात फिरून बघ. ज्यांची शेती चांगली चालते म्हणतात, त्यातल्या निम्म्या घरांत कुणी मास्तर आहे, कुणी एसटीत, कुणी पुण्याच्या कंपनीत. पगार रानात खत म्हणून पडत नाही. पण पगारामुळे माल थांबतो, सावकाराचं दार लागत नाही, एक वर्ष गेलं तरी दुसऱ्या वर्षी बियाण्याला पैसा असतो. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा सव्वा-दीड हेक्टरच्या आत आली. एवढ्याशा तुकड्यावर एक वाईट वर्ष माणसाला तीन वर्षं मागे नेतं. नफ्याचं गुपित विचारायचं तर त्या पगाराला विचार.

भाची : म्हणजे तुम्हीच सांगताय की नफा थांबण्याच्या ताकदीत आहे. मग ती ताकद पगाराशिवाय कशी मिळेल, हे बघू. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत उचल सहा टक्के व्याजाने घ्यायची, मुदत सहा महिने. दिवाळी होते, देणी भागतात आणि माल आपलाच राहतो.

मामा : योजना मला ठाऊक आहे. पण दहा-बारा क्विंटल घेऊन मी तालुक्याला जाऊ, गाडीभाडं देऊ, हमाली देऊ, कागदं करू, आणि गोदाम भरलेलं असलं तर परत येऊ? मोठ्या मालाला हा खर्च पचतो, लहानाला नाही. आणि थांबलं की पैसा मिळतोच, हेही खरं नाही. 2021च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेलं, तेव्हा आमच्या घरात दाणा नव्हता. केंद्राने बारा लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली आणि आमचा माल निघेपर्यंत भाव निम्म्यावर आला. डिसेंबरात सोयाबीनचे वायदेही बंद केले. तरी 2022च्या उन्हाळ्यात सात हजारांच्या वर गेलं. थांबले त्यांचं भलं झालं. ते पाहून पुढच्या दोन हंगामांत गावाने माल ठेवला. भाव उतरतच गेला. ठेवलेल्या मालाचं वजन घटलं, व्याज वाढलं, आणि शेवटी हंगामातल्यापेक्षा कमी भावाने विकावं लागलं.

भाची : तो भाव इथे ठरतच नाही, मामा. शंभर किलो सोयाबीन गाळलं तर तेल अठरा किलोच्या आसपास निघतं आणि पेंड ऐंशीच्या. म्हणजे भाव मुख्यतः पेंडीवर उभा. पेंडीचा जागतिक भाव ब्राझील, अमेरिका, अर्जेंटिनाच्या पिकावर चालतो. इकडे देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो, त्यामुळे आयातशुल्क हललं की आपला भाव हलतो. अलीकडे मका-तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा कोंबडीखाद्यात स्वस्तात जायला लागला, त्याने पेंडीची मागणी खाल्ली. एवढ्या दोऱ्या असल्यावर पुढच्या सहा महिन्यांचा भाव कुणीही ठामपणे सांगू शकत नाही.

मामा : मग थांबायचं की नाही?

भाची : थांबणं हाच शहाणपणा, असं मी म्हणत नाही. विकायचं की थांबायचं, हे आपल्याला ठरवता आलं पाहिजे, एवढंच म्हणते. भाव ओळखता येत नसेल तर सगळा माल एका दिवशी विकूही नये आणि सगळा धरूनही बसू नये. देणी भागतील एवढा आधी, काही संक्रांतीच्या सुमाराला, उरलेला उन्हाळ्याच्या तोंडावर. यात सगळ्यात चढा भाव हाती लागणार नाही, पण सगळ्यात पडलेल्या भावात सगळा मालही जाणार नाही. कोरडवाहू घराला यापेक्षा सुरक्षित रीत मला माहीत नाही.

मामा : आणि गोदाम, गाडीभाडं?

भाची : त्यासाठी एकत्र यायचं. चाळीस घरांचा माल एका जागी वाळवला, चाळला, ओल मोजून ठेवला, तर तारणही मिळतं आणि तेलगिरणीशी थेट बोलताही येतं. उत्पादक कंपनी त्याचसाठी असते.

मामा : उत्पादक कंपन्या मी बघितल्यात. फलक लागतो, अनुदानाची यंत्रं येतात, दोन वर्षांनी यंत्रांवर धूळ.

भाची : अशा पुष्कळ आहेत, मी नाकारत नाही. ज्या चालतात त्या अनुदानावर उभ्या नसतात, रोजच्या खरेदी-विक्रीवर असतात. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स बघा. विलास शिंदे आणि त्यांच्याबरोबरच्या द्राक्षबागायतदारांनी 2010च्या सुमाराला बांधणी सुरू केली. त्याच वर्षी एका संजीवकाचे अंश सापडल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षांना मोठा फटका बसला होता. त्यातून नाशिकच्या निर्यातदार शेतकऱ्यांना एक गोष्ट कळली : बागेतल्या प्रत्येक फवारणीची नोंद हीच मालाची पत. एका शेतकऱ्याने एकट्याने कितीही चोख काम केलं, तरी कंटेनर अनेकांच्या मालाने भरतो.

मामा : नाशिकला धरणं आहेत, मुंबई जवळ आहे, द्राक्षाला परदेशी गिऱ्हाईक आहे. आमच्या गावाला 2016च्या एप्रिलमध्ये काय होतं? लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आणि त्याच जिल्ह्यात मांजरेच्या काठाला ऊस उभा होता. मला सांग, ऊसवाला माझ्यापेक्षा हुशार आहे का?

भाची : नाही.

मामा : पण तो कमावतो. कारण त्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. 2024-25 साठी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे 3,400 रुपये रास्त दर ठरला, आणि तो कारखान्यावर कायद्याने बंधनकारक. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत, असा नियम आहे. कधी उशीर होतो, आंदोलनं होतात, पण मागायला दार तरी आहे. त्याच वर्षी सोयाबीनचा हमीभाव 4,892 होता. बाजारात माल त्याच्या खाली विकला जात होता. सरकारी खरेदी केंद्रांवर नोंदणी, मग ओल, मग बारदाना नाही म्हणून थांबा. नंतर केंद्राने पंधरा टक्के ओलीपर्यंत सूट दिली, पण तोवर माझ्यासारख्यांचा माल गेलेला होता. तू मघाशी म्हणालीस की नफा रीतीत आहे. उसाची शेती नफ्यात आहे ती दर आणि गिऱ्हाईक आधी ठरलेलं आहे म्हणून.

भाची : हे मला पूर्ण मान्य आहे. धोका कुणीतरी उचलला की शेती नफ्यात येते. पण त्याची दुसरी बाजूही बघा. सगळ्यात जास्त पाणी पिणाऱ्या पिकाला सगळ्यात पक्की हमी दिली, तर प्रत्येक जण बोअर खोल नेऊन उसाकडे धावणार. पहिल्याला पाणी लागतं, तिसऱ्याचं आटतं, दहाव्याच्या बोअरला धुरळा येतो. एका रानाचा नफा शेजारच्या रानाच्या पाण्यातून आलेला असेल, तर त्या हुशारीचं कौतुक कसं करायचं?

मामा : नाहीच करायचं. पण एकट्याने संयम पाळून काय होतं? मी बोअर मारला नाही, तर शेजारी मारतो.

भाची : म्हणूनच पाण्याचा निर्णय एकट्याचा असू शकत नाही. हिवरे बाजार बघा. साधारण चारशे मिलिमीटर पावसाचं गाव. पोपटराव पवार सरपंच झाले, नंतर माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामं झाली. पण फक्त चर खोदून ते गाव उभं राहिलं नाही. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि तो पाहून पिकं ठरवायची, हे ग्रामसभेने ठरवलं आणि पाळलं. जालन्याच्या कडवंचीत 1996 पासून पाणलोटाचं काम झालं, मागोमाग शेततळी आली आणि दुष्काळी पट्ट्यात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. तिथे कृषी विज्ञान केंद्राची माणसं वर्षानुवर्षं शेतकऱ्यांबरोबर बांधावर होती. या दोन्ही गावांत शेतकऱ्याची मेहनत आहे, गावाचा करार आहे आणि सरकारी पैसाही आहे. यातलं एक काढलं तर बाकीचं उभं राहत नाही.

मामा : प्रवरानगरचंही तेच. सगळे म्हणतात, शेतकऱ्यांनी स्वतःच्या हिमतीवर साखर कारखाना काढला. हिंमत होतीच. विठ्ठलराव विखे गावोगाव फिरले, धनंजयराव गाडगिळांसारखा अर्थशास्त्रज्ञ पाठीशी राहिला. पण भंडारदऱ्याचं पाणी कालव्याने आधीच आलेलं होतं, सरकारने भागभांडवल दिलं, तेव्हा 1950 साली गाळप सुरू झालं. गोष्ट सांगताना लोक हिंमत सांगतात आणि कालवा विसरतात.

भाची : आणि काही लोक कालवा सांगतात आणि गाडगिळांचा हिशेब विसरतात. कालवा तर इतरही ठिकाणी होता.

मामा : बरं, तेही खरं. पण मला एक भीती वाटते. नफा शेतकऱ्याच्या हुशारीवर आहे, असं एकदा मान्य केलं, की तोट्यातल्या शेतकऱ्याला मूर्ख ठरवायला लोक मोकळे. मग हमीभावावर बोलायला नको, पाण्यावर बोलायला नको. प्रशिक्षण दिलं की झालं.

भाची : मला उलटी भीती वाटते. सगळं सरकारच्या हातात आहे असं मानलं, की माळावरच्या तीन एकरांत दरवर्षी पैसा बुडत राहतो आणि कुणी बघत नाही. शिवाय हिशेबाशिवाय मागणीलाही जोर नसतो. खर्च कसा धरायचा, यावरच तर सगळा वाद आहे. स्वामिनाथन आयोगाने खर्चावर किमान पन्नास टक्के नफा धरून हमीभाव द्या, अशी शिफारस केली. सरकार हमीभाव ठरवताना रोख खर्च आणि घरची मजुरी एवढंच धरून त्याच्या दीडपट म्हणतं. शेतकरी संघटना म्हणतात, स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याजही धरा. तुमच्या वहीत घरची मजुरीसुद्धा नसेल, तर तुम्ही या वादात कशाच्या जोरावर बोलणार?

मामा : म्हणजे वही फक्त माझ्यासाठी नाही, मागणीसाठीही.

भाची : दोन्हीसाठी. आणि आपण इतका वेळ भांडलो, त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आली. भाड्याच्या ट्रॅक्टरमुळे पेरणीची घाई. उचलीमुळे विक्रीची घाई. आटणाऱ्या पाण्यामुळे खोल बोअरची घाई. ज्याच्या मागे घाई लागली त्याची अक्कल, मेहनत, उतारा, सगळं कमी भावात जातं. ज्याला स्वतःची वेळ ठरवता येते, त्याच्याकडे नफा राहतो.

मामा : आणि ती घाई कमी कोणी करायची?

भाची : काही आपण, काही गावाने, काही सरकारने. रानागणिक हिशेब, घरचं तपासलेलं बी, एकापेक्षा जास्त तारखांना येणारा पैसा, हे आपलं काम. पेरणीयंत्राची पाळी ठरवणं, एकत्र वाळवण आणि गोदाम, पाण्याचा ताळेबंद, हे गावाचं.

मामा : आता सरकारचं मी सांगतो. आमचं पीक निघायच्या आधी खरेदी केंद्र सुरू झालं पाहिजे आणि तिथे बारदाना पोचलेला असला पाहिजे. आयात-निर्यातीचा निर्णय पेरणीच्या आधी जाहीर करावा. माल निघायच्या तोंडावर बदलू नये. कोरडवाहू रानाला दोन संरक्षित पाणी मिळतील एवढी सोय, उसाच्या बारमाही पाण्याच्या आधी. एवढं केलं तर मी तुला नफ्याचा हिशेब दाखवीन.

भाची : आणि ते होईपर्यंत?

मामा : होईपर्यंत माळावर पुढच्या खरिपात सोयाबीन नाही, तूर आणि ज्वारी. खालच्या रानाची आणि माळाची खाती वेगळी मांड, घरच्या दोघांची मजुरी धरून. मात्र तेच आकडे ग्रामसभेत वाचायचे आणि तालुक्याच्या निवेदनाला जोडायचे. माझ्या रानातली चूक मी सुधारतो. पण माझ्या आकड्यांतून दुसऱ्याची जबाबदारी दिसत असेल, तर ती कागदावर लिहायला तू कचरायचं नाही.

भाची : नाही कचरणार. दोन्ही रकाने शेजारी शेजारी लिहीन : कोणता तोटा आपल्या रीतीमुळे झाला आणि कोणता आपल्यावर लादलेल्या घाईमुळे. पहिला आपण भरून काढायचा. दुसरा ज्याने घाई लावली त्याच्याकडे मागायचा.